पाठ पुसलेला फोटो

माणसाच्या मागचं सगळं पुसून टाकायचं, हे तिचं काम होतं. पासपोर्टचे फोटो, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे. गिऱ्हाईक लोखंडी स्टुलावर बसायचं, मान ताठ करायचं, मालक खटका दाबायचा आणि ते डोकं तिच्या पडद्यावर यायचं. मागं कापडाच्या सुरकुत्या, कुणाची तरी सावली, कधी दारातून डोकावणारं शेजारचं पोर. ती कानापासून सुरुवात करायची. कानाच्या पाळीवरून मान, मानेवरून खांदा, मग दुसऱ्या बाजूनं वर, आणि शेवटी केस. कुरळ्या केसांची गिऱ्हाइकं म्हणजे जीव खाणारी. पण तिचा हात असा बसला होता की एकेक बट सुटी करून ती मागं पांढरं ओतायची, आणि माणूस दुधातून काढल्यासारखा दिसायचा. मालक तिला ‘चुनावाल्या बाई’ म्हणायचा. “अख्ख्या शहराला चुना लावलाय ह्या बाईनं,” असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा. तिला आता हसायला येत नसे, पण चहा आला की आधी तिचा पेला भरायचाही तोच, म्हणून ती ऐकून घ्यायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात काळीकुट्ट विहीर असते, तिथं तेलकट दोरांच्या मधे आठवडाभर लोंबकळायचं, म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या, आणि सुट्टीचा दिवस उजाडला की काठी घेऊन नदी गाठायची. मासे धरायला. पण साधासुधा गळ नव्हे. गांडूळ नको, पिठाची गोळी नको. हा गडी रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून बारीक आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळायचा आणि त्याची हुबेहूब माशी करायचा. ती माशी लांब दोरीनं पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावं, खराच किडा पडला. “लोक माश्या मारतात, आमचे हे माश्या बांधतात,” असं ती शेजारणींना सांगायची.

त्यात भर म्हणजे धरलेला मासा तो सोडून द्यायचा. धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा. सासूबाईंना हे काही केल्या पटत नसे. “दिवसभर पाण्यात उभा राहून मासा सोडून येतो, आणि घरी बटाटे गिळतो. ह्याच्या बापानं तरी कधी असं केलं नाही.”

“आई, बाबांना पोहता तरी येत होतं का?” ती विचारायची.

“तेच म्हणते मी. पाण्याच्या जवळ जायचेच नाहीत. शहाणा माणूस.”

तर हे फोटो. फोटो जायचे ‘माशीवाले’ नावाच्या एका मंडळात. मंडळ फोनवरचं. कोण कुठला, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पण मासा दिसला की सगळे गोळा. ते चालवणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे आजोबा म्हणत. आणि आजोबांचा एकच कायदा होता: फोटोची पाठ पुसून टाकायची. माणूस दिसू दे, मासा दिसू दे, मागं मात्र काठ नको, झाड नको, डोंगराची धारसुद्धा नको. चांगली जागा एकदा का लोकांना कळली की पुढच्या सुट्टीला तिथं गाड्यांची रांग लागते, बाटल्या फुटतात, गाणी वाजतात, आणि मासा जो जातो तो परत तोंड दाखवत नाही. म्हणून जागा कुणी कुणाला सांगत नसे. मित्राला नाही, भावाला नाही. बायकोला तर नाहीच. आणि पाठ पुसून झाली की मूळ फोटो फोनमधूनही उडवायचा, न जाणो कुणाच्या हाती लागला तर.

पाठ पुसायला घरचीच बाई, तीही ह्या कामात मुरलेली, म्हणजे नवऱ्याची चंगळ होती. तो नदीवरून फोटो धाडायचा, ती स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या मधे हात मारून पुसायची, त्याच्याच नावानं मंडळात टाकायची आणि मूळ फोटो कायमचा उडवायची. इतकी वर्षं केलं, एकदाही चुकली नाही. ह्या गोष्टीचा तिला थोडा तोरा होता. मंडळात लोक लिहायचे, ‘लिफ्टवाल्याच्या फोटोची कड बघा, जणू कात्रीनं कापलीय.’ नवरा ते मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ती “पुरे हो” म्हणून आत जायची.

त्या शनिवारी दुपारी फोटो आला तेव्हा समोर अख्खं कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको, रडून लाल झालेलं तान्हं बाळ, आणि बाळाचं डोकं सरळ ठेवायला मागून धरणारी मावशी. मालक खुळखुळा वाजवून वाजवून घामाघूम. त्यातच फोन वाजला. नवऱ्याचा फोटो, आणि खाली ओळ: ‘आजवरचा सगळ्यात मोठा. लवकर टाक.’

मासा खरंच मोठा होता. दोन्ही हातांत मावत नव्हता. नवरा गुडघाभर पाण्यात वाकून, दात काढून हसत होता, अंगात कंपनीचं जुनं विटकरी जाकीट. तिनं बाळाचा फोटो बाजूला सारला, नेहमीपेक्षा घाईनं कान, मान, खांदा, कोपर असं करत सगळं पुसलं, फोटो टाकला, मूळ उडवला. लगेच वाहवा सुरू झाली. तिनं त्याला कळवलं, ‘टाकला. आता खुश?’ त्यावर उत्तर आलं नाही. नेटवर्क नसेल, असं म्हणून ती बाळाच्या कानाकडे वळली.

संध्याकाळी तो आला नाही. फोन बंद. ती रात्र त्या घरात दोघी बायकांनी कशी काढली ते विचारू नका. उजाडताच ती पोलीस ठाण्यात गेली.

“कुठं गेलेत?” ठाण्यातल्या साहेबानं विचारलं.

“नदीवर.”

“कुठल्या नदीवर?”

“माहीत नाही.”

“अहो बाई, नवरा नेहमी जातो म्हणता, आणि नदी माहीत नाही?”

“ते कुणालाच सांगत नाहीत, साहेब. तशी रीतच आहे त्यांच्यात.”

साहेबानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तो नवरा नदीवर नसून भलतीकडेच असणार, हे त्याला कळून चुकलं होतं. तिनं घाईघाईनं फोटो पुढं केला. साहेबानं फोन जवळ नेला, लांब नेला. “आणि हे मागं सगळं पांढरं काय आहे? बर्फ?”

“नाही. ते मी पुसलंय.”

“तुम्ही?”

“हो. मीच.”

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ती जागा तिनं पाहिली होती. ह्या डोळ्यांसमोर, पडद्यावर, चांगली मोठी करून पाहिली होती आणि ह्याच हातानं इंच इंच पुसली होती. तिनं तिथल्या तिथं डोळे मिटले. काय होतं मागं? दगड? झाडी? पूल? काही म्हणता काही येईना. येत होता तो कान, टोपीची कड, खांद्याची उतरण. नवऱ्याची कड तिला पाठ होती. कडेपलीकडचं बघायची सवयच हाताला नव्हती, डोळ्याला कुठून असणार?

साहेबानं फोनच्या कंपनीत चौकशी केली. शेवटचं ठिकाण मिळालं ते असं, की त्यात सगळा डोंगर, डोंगराचे पलीकडचे उतार आणि तिथून निघणारे डझनभर ओढे-नद्या मावत होत्या. “ह्यात कुठं शोधायचं?” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता.

ती तिथून तडक मालकाच्या घरी गेली. सुट्टीचा दिवस असून मालकानं स्टुडिओ उघडला, शर्टाची बटणं लावत लावत संगणक चालू केला, उडवलेलं परत आणायचे त्याला माहीत होते नव्हते ते सगळे उद्योग केले. गेल्या वर्षीची बाळं परत आली, कुणाच्या लग्नाची जोडपी आली, दाढीवाला एक म्हातारा तीनदा आला. नवरा आला नाही.

“बाई, इतकं स्वच्छ कुणी उडवतं का हो?” मालक रडकुंडीला येऊन म्हणाला. “थोडं तरी राहू द्यायचं.”

मग घरी येऊन तिनं मंडळाचा दरवाजा ठोठावला. नवऱ्याच्याच नावानं, त्या फोटोखाली, तिनं लिहिलं: ‘मी ह्यांची बायको. हे कालपासून घरी आलेले नाहीत. हा फोटो कुठला आहे हे कुणाला माहीत असेल तर हात जोडते, सांगा.’

वर कौतुक चालूच होतं. ‘काय धूड आहे!’ ‘कुठली माशी वापरली, काळी का करडी?’ ‘लिफ्टवाल्या, आज तर टॉपचा मजला गाठलास.’ तिची ओळ त्या गर्दीत पडली. मग एकानं लिहिलं, ‘जागा काढून घ्यायचा हा नवा प्रकार दिसतो.’ दुसऱ्यानं, ‘मागं एकानं आई आजारी आहे म्हणून जागा विचारली होती, आठवतं का? पुढच्या रविवारी दहा मित्र घेऊन हजर.’ तिसऱ्यानं हसरे चेहरे टाकले. ‘वहिनी असाल तर घरी विचारा ना.’

लग्नातला फोटो टाकावा का? ओळखपत्र टाकावं? आपण आपल्याच नवऱ्याची बायको आहोत हे ह्या लोकांना कसं पटवायचं? सासूबाई शेजारी बसून म्हणत होत्या, “काय म्हणतात ग? कुणी सांगितलं का?”

“नाही, आई. मी खोटी आहे म्हणतात.”

“दे इकडं.” सासूबाईंना लिहिता येत नव्हतं नीट, पण त्यांनी फोन ओढून घेतला, बोलायचं बटण दाबून धरलं आणि आवाज रेकॉर्ड करून सोडला: “अरे मुडद्यांनो, माझा पोरगा पाण्यात आहे आणि तुम्ही दात काढताय होय? तुमच्या आया नाहीत का रे घरी?”

तेवढा आवाज गेला आणि मंडळ गप झालं. पाचसहा मिनिटांत आजोबांचाच फोन आला. म्हातारा पडेल आवाजात म्हणाला, “सूनबाई, माफ करा. पोरं मूर्ख आहेत. पण खरं सांगतो, ती जागा आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. आमचा कायदाच तसा. मीच केला तो.”

दुपारी एक चांगली बातमी आली, आणि तीच सगळ्यात वाईट निघाली. नवऱ्याची स्कूटर सापडली. डोंगराच्या पूर्वेकडं, मोठ्या नदीच्या घाटावर, चहाच्या टपरीमागं व्यवस्थित कुलूप लावून उभी. पोलिसांनी तिथं पाणबुडे उतरवले. ती आणि सासूबाई काठावर उभ्या. दोर पाण्यात जायचा, ताणला जायचा, वर यायचा, आणि प्रत्येक वेळी सासूबाई तिच्या दंडाला अशा धरायच्या की वळ उठले. वर यायचं ते टायर, फांदी, पोतं. अंधार पडायला लागला तसे पाणबुडे बाहेर आले, आणि साहेब म्हणाला, “उद्या पुन्हा, खालच्या अंगाला.” खालच्या अंगाला म्हणजे काय शोधायचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि दोघींनी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ती घाटावर गेली नाही. तिथं उभं राहणं तिला होईना. ती बर्फाच्या कारखान्यात गेली.

तिथं एक माणूस होता, नवऱ्याचा जुना जोडीदार. अठरा-वीस वर्षं दोघं, जणू दोघांत मिळून एकच काठी, असे हिंडले होते. मग दोन वर्षांमागं ह्या बर्फवाल्यानं एक फोटो टाकला, पाठ पुसून, पण कोपऱ्यात लाकडी पुलाचा कठडा बोटभर राहून गेला. तेवढ्यावरून लोकांनी जागा हुडकली. पुढच्या सुट्टीला तिथं जत्रा. नवऱ्यानं त्याला वाट्टेल ते बोलून मंडळातून काढायला लावलं आणि त्यानंतर तोंड पाहिलं नव्हतं.

बर्फवाला आकड्यानं लाद्या ओढत होता. थंड वाफेतून तिला पाहून थबकला. “वहिनी? पाय जपून. घसराल.”

“भाऊजी, तुम्हाला कळलं का?”

“कळलं.” त्यानं आकडा खाली ठेवला. “पण मला काय माहीत असणार? मला तर त्यानं कधीच झटकून टाकलंय. मी मंडळातही नाही.”

“नाही ना? मग कळलं कसं?”

बर्फवाला घुटमळला. हातमोजे काढले, पुन्हा घातले. “दुसऱ्या नावानं आहे मी तिथं,” तो म्हणाला. “पाणकोंबडा.”

एवढ्या दुःखातही तिचं तोंड उघडं राहिलं. पाणकोंबडा! नवरा म्हणायचा, अख्ख्या मंडळात एकच जाणकार माणूस आहे, तो पाणकोंबडा. त्याच्या दोन शब्दांवर नवरा दिवसभर खुश असायचा.

“त्याला सांगू नका,” बर्फवाला पटकन म्हणाला, आणि मग, कुणाला सांगायचं हा प्रश्न दोघांच्या एकदमच लक्षात आला आणि त्यानं आकडा पुन्हा उचलला.

“ती घाटावरची नदी,” तो म्हणाला, “तिथं कशाला शोधतायत?”

“स्कूटर तिथं आहे ना.”

“गाडी? वहिनी, तो गाडी खऱ्या नदीवर कधी लावतच नाही. मीच शिकवलंय त्याला. गाडी एका नदीवर लावायची, बस धरायची आणि भलत्याच नदीवर उतरायचं, म्हणजे मागावर असलेला माणूस फसतो. गाडी जिथं असेल तिथं तो हमखास नाही.”

ती बर्फाच्या लादीवरच बसली. कालपासून माणसं भलत्याच पाण्यात उतरत होती.

“फोटो दाखवा,” तो म्हणाला. “मोठा करून दाखवा. फोनवर मला नीट दिसत नाही.”

तिनं फोटो मोठा केला. बर्फवाल्यानं चष्मा पुसला, आधी माशाकडे पाहिलं, सवयीनं, आणि मग ओशाळून नजर वर सरकवली. “ह्याच्या कोपराला गाठ आलीय का हो?”

“कुठं?”

“ही. जाकिटाला असं टेंगूळ कसं?”

तिनं पाहिलं. उजव्या कोपराच्या बाहेर, जाकिटाच्याच विटकरी रंगाचा, एक फुगवटा होता. इतकी वर्षं माणसांच्या कडा कापणाऱ्या बाईला त्या एका घटकेत शरमेनं घाम फुटला. हे कोपर नव्हतंच. कोपर अलीकडं संपत होतं. घाईत, बाळाच्या रडण्यात, रंगाला रंग मिळाला म्हणून तिनं मागचं काहीतरी जाकीट समजून ठेवून दिलं होतं.

“राहिलं माझ्याकडून,” ती म्हणाली. “हे मागचं आहे. पुसायचं राहिलं.”

तिनं आणखी मोठं केलं. चौकोन चौकोन दिसायला लागले, पण त्यातही रंग कळत होता: गंज. आणि गंजावर दोन गोल डोकी. बोल्ट.

बर्फवाल्याच्या तोंडून शिवी गेली. वहिनीसमोर गेली ह्याचंही त्याला भान नव्हतं. “हा कागदाच्या कारखान्याचा नळ आहे. डोंगरात वरच्या ओढ्यातून पाणी आणायचे, माणूस आत उभा राहील एवढा जाड. कारखाना बंद पडला, नळ तसाच आहे घळीत. आम्ही एकदा गेलो होतो त्याच्या कडेनं, पोरगेले होतो तेव्हा. हाच मला म्हणाला, इथं मासा नाही, पुन्हा यायचं कारण नाही!” तो फोटोतल्या माणसाकडे बघत राहिला. “लबाडा. इतकी वर्षं एकटाच जात होतास.”

तिनं साहेबाला फोन लावला. साहेब घाटावर होता, मागं पाण्याचा आवाज येत होता. “बाई, गाडी इथं आहे, आणि तुम्ही मला कोपरावरून डोंगरात पाठवताय? इथलं आटोपू द्या, मग पाठवतो माणसं.” तिनं पुढचं ऐकलं नाही. बर्फवाल्यानं लाद्या अर्ध्यातच सोडल्या, कारखान्याची गाडी काढली. गाडी डोंगराला लागेपर्यंत मागं बर्फ वितळून पाणी रस्त्यावर गळत होतं.

जिथं रस्ता संपला तिथून नळ सुरू झाला. सिमेंटच्या खांबांवर टेकलेला, झुडपांतून वर वर गेलेला, खाली घळ आणि घळीत ओढा. तिच्या पायात स्टुडिओतल्या चपला होत्या. एक तुटली ती तिनं तिथंच सोडली. ती हाका मारत होती. आधी ‘अहो’ म्हणून मारल्या, मग लग्नाआधी ज्या नावानं मारायची त्या नावानं, मग नुसत्याच. डोंगर तिची हाक तिलाच परत देत होता.

वरच्या वळणावर डोह लागला. हिरवागार, खोल, नितळ. काठावर काठी टेकवून ठेवलेली. थैली. फोन अडकवायची तीन पायांची घोडी, आणि तिच्यावर फोन नाही. काठीच्या टोकाला करडी माशी अजून लटकत होती.

बर्फवाला पाण्याकडे गेला. गुडघाभर, मांडीभर, मग पुढं जाईना. तो पाण्यात बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते तिला बघायचं नव्हतं. म्हणून ती नळाकडे बघत राहिली. नळ गंजलेला, विटकरी, लांबच लांब. एका ठिकाणी त्याला खालून फुगवटा आला होता.

ती हातापायांवर रांगत खाली गेली. नळ आणि कातळ ह्यांच्या फटीत विटकरी जाकीट अडकलं होतं, आणि जाकिटात तिचा नवरा होता. एक पाय खाली दगडांत, गुडघ्यापासून भलतीकडे वळलेला. ओठ काळे. दाढीत मुंग्या. तिनं नाकाशी गाल नेला. गालाला ऊब लागली की नाही हे तिला कळेना, पुन्हा नेला, पुन्हा कळेना, आणि मग तो खोकला.

“आहेत!” ती वर बघून किंचाळली. “भाऊजी, आहेत!”

डोळे उघडायला त्याला बराच वेळ लागला. तिच्याकडे पाहिलं, तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मग वरून वाकलेला बर्फवाला त्याला दिसला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“ह्याला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “कुणी सांगितलं?”

“मी सांगितलं.”

“आणखी कुणाकुणाला सांगितलंस?”

तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पदरानं त्याच्या दाढीतल्या मुंग्या झटकल्या. “तुम्ही इथं कसे पडलात ते सांगा आधी.”

“फोटो धाडायला नळावर चढलो होतो. वरच रेंज येते.” तो थांबला. तोंड ओलं करायला तिनं बर्फवाल्याच्या बाटलीतलं पाणी ओठांना लावलं. “धाडला, उतरलो. मग पुन्हा चढलो.”

“पुन्हा कशाला?”

तो दुसरीकडे बघायला लागला. “लोक काय म्हणतात ते बघायला.”

बर्फवाला नळावर चढून फोन लावत होता. खाली ओरडून सांगत होता: रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथपर्यंतच येणार, साहेबाची माणसं डोंगराच्या पलीकडं, फेरा घालून यायला संध्याकाळ होईल. पाय काळानिळा झाला होता. संध्याकाळपर्यंत हा माणूस फटीत राहिला तर काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि खालून ह्याला उचलायला दोन माणसं पुरणार नव्हती, दोर पाहिजे होते, खांदे पाहिजे होते.

“वहिनी,” वरून बर्फवाल्यानं हाक दिली. “मंडळातले सातआठ जण पायथ्याच्याच गावांत राहतात. दोर असतात त्यांच्याकडे. अर्ध्या तासात येतील. पण त्यांना जागा दाखवावी लागेल. फोटो टाकू का?”

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. “नको,” तो म्हणाला. “मंडळात नको. साहेबाची माणसं येऊ दे. मी थांबतो.”

“तुम्ही थांबाल हो. पाय थांबेल का?”

“अग, हा डोह... मी कुणाला...” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाप गेला तेव्हासुद्धा तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. “वीस वर्षं जपलाय ग.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला दया आली, खरंच आली. आणि तिनं त्याचं बोट बोट सोडवून मनगट मोकळं केलं.

“टाका, भाऊजी,” ती वर ओरडली. “डोहाचा फोटो काढा, नळाचा काढा, वाटेचा काढा, सगळं टाका.”

वरून खटक खटक आवाज आले. नवऱ्यानं डोळे मिटले, कुणी चाबूक मारतंय असा प्रत्येक आवाजाला तो अंग चोरत होता. पुढं पायाचं जे व्हायचं ते झालं. इस्पितळात तो गुडघ्याखाली काढावा लागला, आणि लिफ्टच्या विहिरीत उतरणं त्याला पुन्हा जमलं नाही. पण त्या वेळी त्यांतलं काहीच माहीत नव्हतं. त्या वेळी एवढंच होतं की तो झोपेला येत होता आणि त्याला झोपू द्यायचं नव्हतं.

म्हणून ती बोलत राहिली. तोंडाला येईल ते. आईंनी मंडळाला काय शिव्या घातल्या ते सांगितलं. सारे मला खोटी बायको म्हणत होते, असं सांगितलं. तुमच्या मापाचं दुसरं जाकीट मी आणलं होतं, निळं, ते तुम्ही घातलंत का कधी, असं विचारलं. तो उत्तर देईना तेव्हा चिमटा काढला.

“दुखतं ग.”

“दुखू दे. बोला.”

“काय बोलू?”

“काहीही बोला. माश्यांबद्दल बोला. मी ऐकते.”

तो करड्या माशीबद्दल काहीतरी पुटपुटला, पिसाबद्दल, दोऱ्याच्या गाठीबद्दल. मध्येच आवाज विरायचा, ती हलवायची, पुन्हा सुरू व्हायचा. ऊन कातळावरून सरकून नळाच्या पलीकडं गेलं.

मग खालून माणसांचे आवाज आले. झुडपं मोडल्याचे, एकमेकांना हाका मारल्याचे. कुणीतरी “इकडून, इकडून!” म्हणालं. बर्फवाला नळावरून हात हलवायला लागला.

“किती जण आहेत?” नवऱ्यानं विचारलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

तिनं मान वर करून पाहिलं. वळणावरून माणसं येत होती, खांद्यावर दोर, हातात काठ्या, आणि त्यांच्या मागून आणखी माणसं.

“बरेच आहेत,” ती म्हणाली.

त्यानं तोंड कातळाकडं फिरवलं. तिनं त्याच्या गालावर एक चापट मारली, हलकी नव्हे, आणि हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

“डोळे उघडा,” ती म्हणाली. “उघडा म्हणते ना. इकडं बघा. माझ्याकडं.”